मागच्या सीटवरचं गुपित

पुण्यात टू बीएचकेमध्ये चार माणसं राहत असतील तर खासगी बोलायचं कुठे, हे मला कोणीतरी सांगा. हॉलमध्ये मातोश्री, किचनमध्ये बायको, गॅलरीत जावं तर शेजारच्या काकू नेमक्या त्याच वेळी तुळशीला पाणी घालायला येतात आणि आपलं बोलणं संपेपर्यंत घालतच राहतात, ती तुळस अजून कुजली कशी नाही देव जाणे. बेडरूमची कडी लावली की दोन मिनिटांत बाहेरून, "घरातल्या घरात कडी कशाला लागते गं?"

आमची कन्या पंधराची, दहावीला. तिने एकदा आजीला सुनावलं की २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलंय, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. मातोश्री मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना बंगले असतात." विषय संपला.

तर सध्या आमच्याकडे खासगी बोलायची एकच जागा उरलीये, ती म्हणजे माझी ॲक्टिव्हा. कोथरूडहून डेक्कनला क्लासला सोडायला जातो तेव्हा पोरगी बोलते. घरी "कसा होता दिवस?" विचारलं तर "ठीक" एवढंच, पण पौड फाटा ओलांडला की मागून धो धो सुरू. कारण सरळ आहे, मला तिचा चेहरा दिसत नाही आणि तिला माझा दिसत नाही. माझ्या भुवया वर गेल्या तरी त्या हेल्मेटच्या आत जातात. मध्ये बोलावं म्हटलं तर समोर पीएमटी आणि डावीकडून राँग साइडने येणारा कोणीतरी, त्यामुळे "हं" याच्यापलीकडे काही बोलायची सोयच नाही.

आमच्या ऑफिसात मध्ये एक ट्रेनिंग झालं होतं, ॲक्टिव्ह लिसनिंगचं. १९५७ साली कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्यावर लिहिलं, की समोरच्याला जोखू नका, सल्ले देऊ नका, तो काय म्हणतोय त्यामागची भावना समजून घ्या आणि समजलंय हे त्याला कळू द्या. मी उत्साहाने घरी येऊन जेवणाच्या टेबलावर म्हटलं, "म्हणजे तुला असं वाटतंय का, की मॅम तुझ्यावर अन्याय करतायत?" पोरगी घास हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, तू कस्टमर केअरसारखा का बोलतोयस?" तेव्हापासून आपलं हंच बरं.

पण नळस्टॉपचा सिग्नल लागला की प्रसारण बंद. कारण सिग्नलला शेजारच्या गाडीवरचे काका चक्क कान देऊन ऐकतात, एकदा तर एकांनी "बरोबर बोलतीये ती" असा अभिप्रायही दिला. हिरवा लागेपर्यंत आम्ही बाप-लेक अनोळखी असल्यासारखे मेट्रोच्या खांबाकडे बघत बसतो. मग गाडी सुटते, ब्रेक लागला की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्क करून आपटतं आणि पुढचा भाग सुरू.

खरा ताप यापुढे आहे. परवा तिने मैत्रिणीचं एक काहीतरी सांगितलं. वर म्हणाली, "मी तिला विचारलंय बाबाला सांगू का, ती म्हणाली तुझा बाबा चालेल, पण आईला नको." (काय सांगितलं ते इथेही लिहिणार नाहीये, तेव्हा खाली स्क्रोल करून उपयोग नाही.) मी एवढंच विचारलं की कोणी मारतंय, धमकावतंय, फोटोबिटो मागतंय असलं काही नाही ना. नाही म्हणाली. तसलं असतं तर गुपितबिपित गेलं खड्ड्यात, सरळ तिच्या घरी बोललो असतो, नाहीतर १०९८ ला फोन, मुलांसाठीची हेल्पलाइनच आहे ती. पण तसलं नव्हतं. म्हणजे आता पोटात ठेवणं आलं.

आणि आमच्या घरात पोटात काही ठेवणं म्हणजे काय सांगू. बायकोला माझ्या चप्पल काढण्यावरून कळतं. "काय म्हणाली रे ती?" "काही नाही, ट्रॅफिक होतं." "ट्रॅफिक होतं म्हणजे बोलली असणार." मग चहात आलं जास्त, रात्री माझी आवडती भरली वांगी, हे सगळं आमिष आहे हे कळूनही मी तीन खाल्ली आणि गप्प राहिलो. मातोश्रींची पद्धत वेगळी, त्या विचारत नाहीत, त्या चुकीचा अंदाज मोठ्याने सांगतात आणि आपण "छे छे, तसं नाही" म्हणायची वाट बघतात. बायकोचं दुसरं दुःख असं की पोरींचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज चोवीस तासांत आपोआप उडतात. "आपण काय वाचणार होतो का?" मी विचारलं. "वाचणार नव्हते, पण असायला तर हवेत ना," म्हणाली. यावर काय बोलणार.

शेवटी तिने जाहीर केलं की उद्यापासून क्लासला मीच सोडणार. गेली. परत आली तेव्हा चेहऱ्यावर असं काही समाधान की मला राहवेना. "काय म्हणाली?" तर म्हणे, "तुला सांगू नको म्हणालीये."

आता वार वाटून घेतलेत. मातोश्रींनी रविवार मागितलाय. म्हटलं, आई, तुला गाडी येत नाही. तर म्हणाल्या, "मी मागे बसेन, ती चालवेल, पुढच्या वर्षी सोळाची होतेच आहे." मी समजावलं की सोळाला फक्त बिनगिअरची पन्नास सीसीपर्यंतची चालते, ॲक्टिव्हा त्यात बसत नाही, तिला अठरा पूर्ण लागतात.

"मग थांबते की," म्हणाल्या, आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं.