दीड तासाचं नागपूर

माझी सासुरवाडी नागपूरची आणि बिऱ्हाड डोंबिवलीत. सासऱ्यांच्या मते या दोहोंत अंतर असं नाहीच. "दीड तासाचं तर काम आहे जावईबापू, काय एवढा विचार करून राहिले? सकाळी निघा, जेवायला या."

हा दीड तास त्यांना मोबाइलवर सापडलाय. हवाई अंतर सातशे किलोमीटरच्या आत, प्रवास दीड तास. शिवाय पुरावा म्हणून ते 1949 सालात शिरतात. तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपालाची विमानं निघायची, मध्यरात्री नागपुरात भेटायची आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. "तेव्हा टपाल रातोरात पोचे, जावई काहून पोचत नाही?"

टपालाला डोंबिवलीहून निघावं लागत नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार!

विमान सकाळी सहाचं, म्हणजे घरून तीनला निघणं आलं. त्या वेळी लोकल नाही. टॅक्सीवाला फोन करून "ड्रॉप कुठे? पैसे कॅश ना?" असं विचारतो आणि उत्तर ऐकून राइड रद्द करतो. दुसरा येतो तो झोपेतून उठून. विमानतळावर आमची बॅग पट्ट्यावरून बाजूला काढली जाते. आईनं विहीणबाईंसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या दिलेल्या असतात. खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. तो वर्दीतला माणूस एकेक वाटी उजेडात धरून बघतो, हुंगतो, आणि शेजारच्या डब्यात टाकतो. मागची रांग माझ्याकडे अशी बघते, जणू मी त्या वाट्या घेऊन वैमानिकाच्या केबिनमध्येच घुसणार होतो. बायको म्हणते, "आईंना सांगू नका."

मग विमानात बसून राहायचं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. सगळी विमानं एकामागे एक उभी. तिकिटावरच्या दीड तासात हा खोळंबाही धरलेला असतो, प्रत्यक्ष उडणं त्याहून कमी. त्यात हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. जाताना तो मागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. निसर्गसुद्धा सासऱ्यांच्या पार्टीतला!

येतानाची तऱ्हा निराळी. संत्रा बर्फीचे डबे मांडीवर घेऊन खिडकीशी बसावं, तर पूर्वेकडून उतरणारं विमान बरेचदा आमच्याच बाजूनं जातं. खाली कल्याणची खाडी दिसते, डोंबिवलीच्या इमारतींचा गठ्ठा दिसतो. मन म्हणतं, इथेच उतरवा हो, बस थांबवतात तसं. विमान पुढे जातं, उतरायला जागा नाही म्हणून घिरट्या घालतं, आणि मग मी तीच वाट टॅक्सीनं उलटी कापत बसतो. ऐरोलीच्या पुढे गाड्या ठप्प. तेवढ्यात फोन वाजतो.

"पोचले?"

"नाही नाना, अजून वाटेतच."

"अजून? मंग समृद्धीनंच यायचं होतं ना! 701 किलोमीटर, आठ तास. अन् भिवंडीजवळ, आमण्याला उतरवते. म्हणजे तुमच्या घराजवळच की!"

यावर डोंबिवलीकरानं काय बोलावं? मी बर्फीचा डबा उघडला.