केशवराव हरले नव्हते, आणि ‘ललितकलादर्श’ १९२१ साली संपलीही नव्हती

परवा रात्री आईचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. “अगं, केशवराव भोसले म्हणे बालगंधर्वांकडून हरले आणि त्या धक्क्यानं गेले. खरं का गं हे?” मावसभावानं तिला व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक लांबलचक मजकूर वाचून दाखवला होता. मी तो मागवून घेतला. दोन दिवसांत आणखी तिघांनी तोच मला पाठवला, खाली हात जोडलेली चित्रं लावून.

केशवराव म्हणजे ‘ललितकलादर्श’ या संगीत नाटक कंपनीचे मालक आणि गायक नट. मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं: ‘ललितकलादर्श’ मुंबईच्या शेठ लोकांनी काढली. शालू, अत्तरं आणि ‘वन्स मोअर’ यातच ती रमली, समाजाच्या एकाही प्रश्नाला तिनं हात लावला नाही. ‘संयुक्त मानापमान’च्या सामन्यात मालक हरला, खंगून मेला, त्याच्याबरोबर कंपनीही मेली. पुढच्यांनी फक्त नाव वापरलं.

आधी तो ‘सामना’ घेते, कारण आईला लागलं ते तेच.

८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. नाटक खाडिलकरांचं ‘मानापमान’. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या धंद्यातल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या त्या स्वातंत्र्य चळवळीसाठीच्या टिळक स्वराज्य फंडाला पैसे उभे करून द्यायला. आपापल्या कंपनीचा मान बाजूला ठेवून दोन मालक एकत्र उभे राहिले, ही त्या रात्रीची खरी गोष्ट. नाटकात भामिनी आणि धैर्यधर एकमेकांच्या प्रेमात पडतात. त्यात कोण कोणाला चीत करणार?

अर्धं खरं आहे ते कबूल करते. प्रेक्षकांत तट होते. गंधर्वांचे वेगळे, केशवरावांचे वेगळे, आणि त्या रात्री कोणाचं गाणं चढं झालं यावर लोक पुढे कित्येक वर्षं हुज्जत घालत राहिले. पण ती हुज्जत प्रेक्षकांची. दोघांनी त्यानंतर ‘सौभद्र’ही एकत्र केलं. हरून खचलेला माणूस ज्याच्याकडून हरला त्याच्याच समोर पुन्हा तंबोऱ्याला सूर लावून उभा राहतो का?

केशवराव गेले ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वरानं. वय अवघं एकतीस. त्या काळी विषमज्वर म्हणजे घरात दबक्या आवाजात बोलायचा आजार. त्याच्यावर गुण देणारं प्रतिजैविक यायला अजून पाव शतक जायचं होतं. एक तरुण गायक नट तापानं गेला, एवढं साधं दुःख आहे हे. त्याला पराभवाची गोष्ट चिकटवायची आणि ती म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवायची, याची मला चीड आली.

आणि ‘शेठ लोकांची कंपनी’? १ जानेवारी १९०८ ला हुबळीत केशवरावांनी ती काढली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. कोल्हापूरचं गरीब घरचं पोर, लहानपणीच ‘स्वदेश हितचिंतक’ मंडळीत आलेलं. देवलांच्या ‘शारदा’त म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं काम करून, ‘मूर्तिमंत भीति उभी’ गाऊन ज्यानं नाव कमावलं, तो मुलगा. यावर जास्त लिहीत नाही.

समाजाच्या प्रश्नाला हात लावला नाही, हे मात्र मी सोडणार नाही. हे वाक्य लिहिणाऱ्यानं नाटककार मामा वरेरकरांचं नावच ऐकलेलं नसावं. ‘हाच मुलाचा बाप’ कशावर आहे? हुंड्यावर. मुलाचा बाप लग्नाच्या बाजारात कसा वागतो, ते नाटकाच्या नावातच आहे. ते रंगमंचावर आणलं ललितकलादर्शनं, केशवराव हयात असताना. त्यानंतर १९१९ चं ‘संन्याशाचा संसार’. केशवराव गेल्यावर कंपनी हाती घेतलेल्या बापूराव पेंढारकरांनी १९२२ मध्ये ‘सत्तेचे गुलाम’ केलं. गांधीजींच्या असहकाराचं वारं वाहत होतं, आणि सरकारी कोर्टकचेरीच्या दारात उभं राहणाऱ्या समाजाला हे नाटक जाब विचारत होतं. १९२३ मध्ये ‘तुरुंगाच्या दारात’, विषय अस्पृश्यता. १९३२ मध्ये ‘सोन्याचा कळस’, विषय गिरणी कामगार. पाचही नाटकं वरेरकरांची, पाचही ललितकलादर्शची. तिकीट काढून गाणं ऐकायला आलेल्या माणसापुढे हुंडा आणि शिवाशीव मांडायची, तीही उत्पन्नावर पोट असलेल्या कंपनीनं, याला काय छाती लागते ते कोणत्याही नाटकवाल्याला विचारा.

शालू-अत्तराचं म्हणाल तर त्या काळच्या रंगमंचावर झगमगाट होता, हे खरं. एकेका पदाला चार-चार वन्स मोअर मिळून नाटक पहाटेपर्यंत लांबायचं, हेही खरं. पण याच कंपनीत पु. श्री. काळे नेपथ्य करायला होते. रंगवलेल्या पडद्यावरच्या दालनाऐवजी खरीखुरी दारं-खिडक्या असलेलं दालन मराठी रंगमंचावर उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांच्या ‘ललितकलेच्या सहवासात’ या आठवणी आहेत, कंपनीत राहून पाहिलेल्या. मजकूर लिहिणाऱ्यानं त्या उघडल्या असत्या तर निम्म्या ओळी त्यानं स्वतःच खोडल्या असत्या.

राहिलं ‘१९२१ ला संपली, पुढे फक्त नाव’. १९३७ मध्ये बापूराव गेले आणि कंपनी खरोखर बंद पडली, हे मान्य. तेव्हा मुलगा भालचंद्र पंधरा-सोळा वर्षांचा. पण १९४२ मध्ये त्यानंच ती पुन्हा उभी केली, वडिलांचं ‘सत्तेचे गुलाम’ घेऊन. गाण्याची तालीम रामकृष्णबुवा वझ्यांची, म्हणजे ज्या बुवांनी या कंपनीच्या पदांना चाली दिल्या त्यांचीच. पुढे ‘दुरितांचे तिमिर जावो’, १९६० मध्ये ‘पंडितराज जगन्नाथ’, नंतर ‘जय जय गौरीशंकर’. या शेवटच्या दोन्हींना वसंत देसायांचं संगीत होतं. ठरल्या वेळी तिसरी घंटा वाजलीच पाहिजे हा अण्णांचा, म्हणजे भालचंद्र पेंढारकरांचा, दंडक. गिरगावच्या साहित्य संघात होणारी नाटकंच्या नाटकं ते स्पूलवर ध्वनिमुद्रित करून ठेवत, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही. २०१५ मध्ये गेले ते. फक्त नाव वापरणारा माणूस दुसऱ्या कंपन्यांचा आवाज कशाला जपून ठेवील?

मजकुराच्या शेवटी एक ओळ आहे: ‘आज केशवरावांसाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.’ शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, ज्याला पुढे केशवरावांचं नाव दिलं, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. जळलेल्या लाकडांपुढे उभी राहून कोल्हापूरची माणसं रडत होती.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चौदा वर्षांची असताना साताऱ्यात पाहिलेल्या ‘दुरितांचे तिमिर जावो’बद्दल बोलू लागली. ‘आई तुझी आठवण येते’ सुरू झालं तेव्हा शेजारची अनोळखी बाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती, आणि घरी जाताना माझ्या आजीनं हिचा हात एकदाही सोडला नव्हता. मावसभावाला मी लिहिलंय की ज्या-ज्या ग्रुपवर तो मजकूर टाकलास तिथे हेही टाक. त्यानं अजून टाकलेलं नाही. उद्या पुन्हा फोन करणार आहे.