गाण्याला पुरेल एवढेच वाजवणारा ग्लेन कॅम्पबेल

माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते. त्यामुळे ‘विचिटा लाइनमन’ हे अमेरिकन कंट्री गाणे (कंट्री म्हणजे तिथल्या ग्रामीण भागातून आलेले लोकप्रिय संगीत) पहिल्यांदा समोर आले तेव्हा मी केवळ त्याच्या नावामुळे थांबलो, आणि नंतर ते गाणाऱ्या ग्लेन कॅम्पबेलमुळे त्या संगीतात कायमचा रमलो. कॅम्पबेलविषयी जे लिहिले जाते त्यात बहुधा तो गोड गळ्याचा, टीव्हीवर झळकणारा, कंट्री संगीताला पॉपचा मुलामा देणारा गायक म्हणून येतो. हे चित्र मला अपुरे वाटते आणि त्याच्यावर अन्याय करणारेही वाटते. तो आधी गिटारवादक होता, तोही दुसऱ्यांच्या गाण्यांत मोबदला घेऊन वाजवणारा. आणि त्याच्या गाण्यात जे उत्तम आहे ते त्या कामातून आले आहे, असे माझे ठाम मत आहे.

२२ एप्रिल १९३६ रोजी आर्कान्सा राज्यातल्या बिल्सटाउन या छोट्याशा वस्तीत त्याचा जन्म झाला. घरात बारा भावंडे होती आणि वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करत. ग्लेन चार वर्षांचा असताना वडिलांनी सीअर्स या दुकानाची पाच डॉलरची गिटार त्याच्या हाती दिली, आणि ‘अंकल बू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नातलगाने ती कशी धरायची, कशी वाजवायची हे त्याला दाखवले. पुढे आयुष्यभर तो स्वरलिपी वाचायला शिकला नाही. जे शिकला ते कानाने. १९५४ मध्ये तो न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला डिक बिल्स या नातलगाच्या बँडमध्ये दाखल झाला आणि १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेला.

त्याच्या आयुष्याचा हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये तेव्हा वादकांचा एक चमू होता, ज्याला पुढे ‘रेकिंग क्रू’ हे नाव पडले. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरल के अशी मंडळी त्यात होती. साधारण तीन तासांचे एक सत्र, समोर कधी नीट लिहिलेले नोटेशन तर कधी नुसत्या कॉर्डच्या खुणा, आणि तेवढ्या वेळात दोन-तीन गाणी पुरी करून पुढच्या स्टुडिओकडे निघायचे, असे ते काम होते. नोटेशन वाचणाऱ्यांच्या त्या खोलीत न वाचणारा कॅम्पबेल टिकला, कारण एकदा ऐकलेली चाल त्याच्या बोटांत उतरत असे. फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’मध्ये तो वाजवतो, एल्विस प्रेस्लीच्या ‘व्हिव्हा लास व्हेगास’मध्ये वाजवतो, बीच बॉइज या बँडच्या ‘पेट साउंड्स’ अल्बममध्येही वाजवतो. १९६४ च्या डिसेंबरात बीच बॉइजचा ब्रायन विल्सन प्रकृती ढासळल्यामुळे दौऱ्यातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जागी काही महिने बेस वाजवायला आणि वरच्या पट्टीतली साथ गायला कॅम्पबेलच उभा राहिला. लक्षावधी लोकांनी त्याची गिटार ऐकली होती आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

अशा कामात वादकाला एक शिस्त लागते. जे येते ते सगळे दाखवायचे नसते; गाण्याला जेवढे लागते तेवढेच द्यायचे असते. १९६८ च्या ‘विचिटा लाइनमन’मध्ये ही शिस्त अगदी स्पष्ट ऐकू येते. गीतकार-संगीतकार जिमी वेबने हे गाणे त्याच्याकडे पाठवले तेव्हा ते आपल्या मते अजून अपुरे आहे, आणखी एक कडवे हवे, असे वेबला वाटत होते. कॅम्पबेल आणि निर्माता अल डी लोरी यांनी मात्र ते आहे तसेच ध्वनिमुद्रित केले आणि रिकाम्या जागी कॅम्पबेलने एक सोलो वाजवला. त्यासाठी त्याने कॅरल केचा सहा तारांचा डॅनइलेक्ट्रो बेस मागून घेतला. गिटारपेक्षा एक सप्तक खाली लागणाऱ्या त्या वाद्यावर त्याने गाण्याचीच चाल वाजवली, जवळजवळ जशीच्या तशी, एकही जादा स्वर न घेता. हा माणूस विजेच्या वेगाने वाजवू शकत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संयमाचे मोल कळते.

हे गाणे मी वडिलांना ऐकवले होते. त्यांना इंग्रजी फारसे समजत नसे, म्हणून मी अर्थ सांगत गेलो: मैलोन्‌मैल रस्त्यावर तारा तपासत फिरणारा एक माणूस आहे, तारेच्या गुणगुणण्यात त्याला आपल्या माणसाचा आवाज ऐकू येतो, आणि बर्फ पडले तर दक्षिणेकडची लाइन ताण सोसणार नाही, अशी काळजी त्याला लागली आहे. वडील म्हणाले, “तार वाजते, हे खरं आहे. खांबाला कान लावला की कळतं.” मग बराच वेळ थांबून ते म्हणाले, की थंडीत तारेतला झोल कमी होतो, तेव्हा त्या माणसाची काळजीही खरी आहे. गाण्याच्या वाद्यमेळात तारांवरून जाणाऱ्या संदेशासारखे जे स्वर येतात तेही त्यांनी बरोबर टिपले.

पुढचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. १९६८ मध्ये एकाच समारंभात, कंट्री आणि पॉप या दोन्ही विभागांत मिळून, त्याला चार ग्रॅमी संगीत पुरस्कार मिळाले. १९६९ पासून सीबीएस वाहिनीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. १९७५ मध्ये त्याचे ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ हे गाणे कंट्री आणि पॉप अशा दोन्ही लोकप्रियतेच्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याबरोबर दारू आणि कोकेन आले, संसार मोडले. २००३ मध्ये मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल त्याला अटक झाली आणि पुढे दहा रात्री तुरुंगात काढाव्या लागल्या. मी यातले काही झाकू इच्छित नाही.

२०११ मध्ये त्याला अल्झायमर असल्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर त्याने निरोपाचा दौरा काढला. अशा माणसाला लोकांसमोर उभे करावे का, हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि मलाही तो पडला होता. दौऱ्यावरच्या माहितीपटात त्याचे गोंधळणे, चिडणे, तेच तेच विचारणे सगळे दिसते. पण गिटार हातात आली की बोटे आपल्या वाटेने जात राहतात. नावे आणि तारखा सांभाळणारी स्मृती वेगळी आणि हातात मुरलेली स्मृती वेगळी असते, आणि दुसरी बहुधा जास्त काळ टिकते. गाण्याचे शब्द दाखवणारा पडदा समोर होता, मागे बँडमध्ये त्याची तीन मुले होती, आणि मुलगी ॲशली बँजो घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली की बापलेकींची जुगलबंदी रंगायची. एकूण १५१ कार्यक्रम झाले. शेवटचा ३० नोव्हेंबर २०१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या नापा इथे झाला. ज्या कामात तो अजून पुरा माणूस होता ते काम आजाराच्या नावाखाली आधीच काढून घेणे अधिक क्रूर ठरले असते, असे मला वाटते.

त्यानंतर ‘आदियोस’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. ओळी लक्षात राहत नव्हत्या, म्हणून कार्ल जॅक्सन, जो एके काळी तरुणपणी त्याच्या बँडमध्ये बँजो वाजवायला आला होता, त्याला मोठ्या अक्षरांत शब्द छापून देई आणि एकेक ओळ गाऊन घेई. जानेवारी २०१३ मध्ये कॅम्पबेलने अखेरचे गाणे ध्वनिमुद्रित केले, ज्यात तो आपल्या माणसाला सांगतो की मला तुझी आठवण येणार नाही. ८ ऑगस्ट २०१७ रोजी नॅशव्हिलमध्ये तो गेला. त्या अखेरच्या गाण्यात त्याच्या मागे ड्रमवर हॅल ब्लेन होता, आणि रेकिंग क्रूमधले त्याचे आणखी जुने सोबती होते.