स्कॅनरवरचा कोड आणि एसीतला गॅस : एका फिरत्या संदेशाला उत्तर

उन्हाळ्याची चाहूल लागली की वाहनधारकांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की पाचशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर गाडीला लावला की त्यावर दोषाचा कोड (क्रमांक) येतो आणि नेमका कोणता भाग बिघडला ते कळते, तो आणून बदलावा. कोड पुसला की दोष गेला असे समजावे. कोड दिसत नसेल तर गाडी निर्दोष आहे. एसी थंड करत नसेल तर गॅस संपलेला असतो आणि तो डबा आणून घरीच भरता येतो. आपल्या गाडीचे निदान आपण करावे, या मूळ विचाराशी माझे काहीच भांडण नाही. गेली अनेक वर्षे मी तेच करत आलो आहे. म्हणूनच या संदेशाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण त्यावर विसंबून लोक चांगले भाग काढून टाकतात आणि खरा दोष गाडीत तसाच राहतो.

‘कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगतो’ हा पहिला दावा. प्रत्यक्षात इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कोणते मोजमाप अपेक्षेबाहेर दिसले, एवढेच कोड सांगतो. पी०१७१ हा नेहमी भेटणारा कोड घ्या. सिलिंडरमध्ये जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, असा त्याचा अर्थ. ही गोष्ट ईसीयूला धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडून कळते, म्हणून पुष्कळ जण पहिल्यांदा तो सेन्सरच बदलतात. मीही एकदा तेच केले होते. नवा सेन्सर बसवून चार दिवस झाले आणि तोच कोड परत आला. दोष निघाला तो इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या, वाकणाच्या आतल्या बाजूने चिरलेल्या एका रबरी नळीत.

तो दोष आधी सापडला असता, कारण त्याच स्वस्त स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचे आकडे दिसतात आणि संदेशात त्यांचा उल्लेखही नसतो. मिश्रण बरोबर राखण्यासाठी ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते या आकड्यांतून कळते. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत ते असतील तर साधारणपणे चिंता नसते. इंजिन गरम झाल्यावर गाडी उभी ठेवून, आयडलिंगला हा आकडा पाहावा आणि मग न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएमपर्यंत नेऊन पुन्हा पाहावा. आयडलिंगला तो अधिक २० टक्के असून आरपीएम वाढवताच खाली येत असेल, तर मोजणीला चुकवून कुठून तरी हवा आत शिरते आहे, असा अर्थ होतो, कारण चिरेतून येणारी हवा इंजिन एकूण कमी हवा ओढत असतानाच तिच्या प्रमाणात मोठी ठरते. उलट भार आणि वेग वाढेल तसा आकडा चढत गेला, तर संशय पेट्रोलपंप, फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जातो. एकच कोड असला तरी या दोन गाड्यांची दुरुस्ती अगदी वेगळी असते. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत तर आणखी एक शक्यता धरावी लागते : किटचे ट्यूनिंग चुकले असेल, तर गॅसवर चालताना ईसीयूने शिकून ठेवलेली चुकीची दुरुस्ती पेट्रोलवर आल्यावरही लागू होते आणि काहीही न तुटता कोड येतो.

पी०४२० बाबतही असेच घडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, नीट काम करत नाही असे ईसीयूला वाटते, असा त्याचा अर्थ. हा कोड पाहून तो महागडा भाग बदलण्याआधी सायलेन्सरच्या पुढच्या जोडांतून गळती नाही ना, आणि इंजिनात मिसफायर (सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटणे) होत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. नाहीतर नवा कन्व्हर्टर बसवूनही तोच कोड परत येईल किंवा तोही खराब होईल.

‘कोड पुसला की दोष गेला’ या दाव्याला उत्तर थोडक्यात देता येते. कोड पुसताना किंवा बॅटरीची तार काढताना, दोष उद्भवला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, वेग आणि भार किती होता याची साठवलेली नोंदही सहसा नाहीशी होते, आणि निदानासाठी नेमकी तीच हवी असते. पुसण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी. चेक इंजिनचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल, तर पुसापुशीचा विचारही करू नये : मिसफायरमुळे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो वितळू शकतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबवणेच योग्य.

‘कोड नाही म्हणजे दोष नाही’ हा दावा एसीच्या बाबतीत हमखास फसवतो. स्कॅनर ज्यातून कोड वाचतो ती ओबीडी-२ ही गाडीची स्वयंतपासणी व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात २०१३ पासून बंधनकारक झाली ती प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी. म्हणून साधा स्कॅनर प्रामुख्याने इंजिनाशी बोलतो. एसी सांभाळणारे क्लायमेट कंट्रोलचे वेगळे मॉड्यूल त्याला बहुधा दिसतच नाही. टोयोटाच्या अनेक गाड्यांत मात्र ऑटो आणि रीसर्क्युलेशन ही बटणे एकत्र दाबून धरून इग्निशन चालू केले, की एसीचे पॅनेल स्वतःची तपासणी करून आकडे दाखवते. तिथेही २१ हा आकडा, म्हणजे उन्हाच्या सेन्सरचा दोष, गाडी अंधाऱ्या पार्किंगमध्ये असेल तर सेन्सर चांगला असूनही येतो. आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती किंवा कापडी चटई ठेवण्याची पद्धत आहे. काचेजवळ काळ्या ठिपक्यासारखा दिसणारा हा उन्हाचा सेन्सर तिच्याखाली झाकला गेला, तर गाडीत ऊन किती येते हे यंत्रणेला कळत नाही आणि ऑटोवर गारवा कमी पडू शकतो.

आता गॅसचा दावा. एसीचे चक्र बंदिस्त असते. त्यातला आर-१३४ए हा गारवा देणारा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. सील आणि रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत तो थोडा झिरपतो हे खरे, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती शोधणे हीच दुरुस्ती होय. कोकणातल्या खाऱ्या हवेत कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या, गंजतात. जिथून गॅस जातो तिथे सोबत तेलही येते, म्हणून जोडावरचा धूळ धरलेला तेलकट डाग डोळ्यांनीही सापडतो.

शिवाय गॅस पुरेसा असूनही गारवा जाण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बरीचशी घरीच ओळखता येतात. हमरस्त्यावर एसी उत्तम चालतो पण सिग्नलला थांबताच गरम हवा येते, तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहावा. तोच पंखा अनेक गाड्यांत रेडिएटरलाही वारा देतो, म्हणून कूलंटचे तापमानही त्याच वेळी स्कॅनरवर पाहावे. सुरुवातीला गार असलेला वारा अर्ध्या-पाऊण तासाने क्षीण होतो आणि एसी काही वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा सुधारतो, तर इव्हॅपोरेटरवर, म्हणजे केबिनची हवा गार करणाऱ्या जाळीवर, बर्फ धरतो आहे. एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा येते, तर गरम-गार हवा मिसळणारी झडप किंवा तिची छोटी मोटर संशयित ठरते. वाराच कमी असेल तर केबिन फिल्टर काढून पाहावा, पाच मिनिटांचे काम आहे. यांतल्या पंखा, झडप आणि फिल्टरच्या दोषांवर गॅस भरणे हा उपायच नाही, आणि जास्त गॅस झाल्यास कॉम्प्रेसरच्या पुढच्या, उच्च दाबाच्या बाजूचा दाब वाढून गारवा आणखी कमी होतो.

राहिला तो डबा आणि त्यावरचे छोटे गेज. एसी बंद असताना ३० अंश सेल्सिअसला आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, आणि आत द्रव रूपात थोडासा गॅस असला काय की पूर्ण भरलेला असला काय, तो तेवढाच दिसतो. एसी चालू असतानाचा कमी दाबाच्या बाजूचा, म्हणजे गेजवर दिसणारा, दाबही पंखा, उष्मा आणि इंजिनाचा वेग यांप्रमाणे बदलतो. म्हणून प्रमाण वजनानेच ठरवतात : जुना गॅस यंत्राने काढून घेऊन, व्हॅक्यूमने आतली हवा आणि ओलावा ओढून, मग बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेले ग्रॅम भरतात. हे काम मी घरी करत नाही आणि कोणी करावे असे मला वाटत नाही. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरली जाते. ४५० ग्रॅम हवेत सोडणे म्हणजे जवळपास ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर डब्यातल्या तेलाचाही धोका आहे : तिथल्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला बहुधा पीओई प्रकारचे तेल लागते, आणि साध्या गाड्यांचे पीएजी तेल त्यात मिसळले तर उच्च दाबाच्या विजेचे इन्सुलेशन बिघडते.