‘ब्लॉक नको म्हणा’ म्हणणाऱ्यांना

काल रात्री साडेअकराला मावसबहिणीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं: ‘ताई, ब्लॉक नको म्हणून सांगू का?’ तिच्या सहा वर्षांच्या मुलीच्या खुब्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. हाड कापून सांधा नीट बसवायचा आणि मग कमरेपासून प्लास्टर. भूलतज्ज्ञांनी ब्लॉक, म्हणजे ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून सुईने औषध देऊन त्या भागाच्या नसा काही काळ बधिर करणं, समजावून सांगितला होता, ती निर्धास्त होती. मग हा मेसेज आला: नस बधिर केली की मुलं कायमची लुळी होतात, झोपलेल्या मुलाला सुई टोचणं धोक्याचं, दुखणं लपून राहतं, आणि लहान मुलांना तसंही फारसं दुखत नाही, दोन दिवसांत विसरतात. सही करू नका.

मी रोज मुलांना भूल देते. शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तोच सगळ्यांत घातक आहे. मुलांना दुखत नाही? एकेकाळी डॉक्टरही असंच मानायचे. तान्ह्या बाळांची ऑपरेशनं स्नायू शिथिल करून, वेदनाशामक जेमतेम देऊन व्हायची. १९८७ मध्ये कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की वेळेआधी जन्मलेल्या ज्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरावर ताण कमी आला आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्याला इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य फिरतंच आहे! खुब्याची मोठी ऑपरेशनं लागणाऱ्यांत सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली मुलंही असतात. त्यातल्या कितीतरी जणांना बोलून सांगता येत नाही. दुखलं की स्नायू आखडतात, आखडले की आणखी दुखतं, आणि प्लास्टरमधल्या मुलाला कूसही बदलता येत नाही. ‘दुखणं कळत नाही’ असं लिहिणाऱ्याने अशा मुलाच्या उशाशी एक रात्र काढावी.

आता ‘कायमची लुळी’. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन प्रत्येक ब्लॉकची नोंद ठेवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आकडेवारीत एक लाखाहून जास्त ब्लॉक होते. नसेला कायमची इजा झाल्याची नोंद एकही नाही. तात्पुरता बधिरपणा किंवा तत्सम त्रास दर दहा हजारांत दोन-तीन जणांना. औषध रक्तात जाऊन विषबाधा होण्याचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षाही कमी, तान्ह्या बाळांत थोडं जास्त. म्हणूनच डोस वजनावर मोजतात आणि त्यावरचं औषध, लिपिड इमल्शन, हाताशी ठेवतात. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण ब्लॉक नसेल तर मॉर्फिनसारखी औषधं जास्त द्यावी लागतात. त्यांनी श्वास मंदावतो, उलट्या होतात, अंगाला खाज सुटते. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

झोपेत सुई? मुलांना ब्लॉक बहुतेक वेळा झोपेतच देतात, कारण जागं मूल हलतं. त्याच नोंदींनुसार झोपेत दिलेला ब्लॉक जागेपणी दिलेल्याइतकाच सुरक्षित आहे.

‘दुखणं लपतं’ यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. प्लास्टरखाली दाब वाढला तर वाढतं दुखणं ही पहिली खूण असते, आणि बधिर टाचेला प्लास्टर घासलेलं मुलाला कळत नाही. त्यासाठी औषध सौम्य प्रमाणात देतात, आणि ब्लॉक असूनही दुखणं वाढत असेल तर कारण शोधतात. बोटांचा रंग, ऊब, हालचाल वारंवार बघावी लागते. टाच उचलून ठेवावी लागते. हे काम आहे आणि ते करायचं असतं. त्यासाठी मुलाला तळमळत ठेवायचं नसतं.

दुसरी खरी अडचण मेसेजवाल्याला माहीतच नाही. एकदाच दिलेला ब्लॉक काही तासांनी उतरतो, आणि तो नेमका रात्री उतरला तर दुखणं एकदम उसळतं. म्हणून बहिणीला लिहिलं: सही कर. फक्त तीन गोष्टी विचार. ब्लॉक कोणता, सोनोग्राफीत बघून देणार का, आणि तो उतरायच्या आधी पॅरासिटामॉलचा डोस किती वाजता देणार. तिसरीचं उत्तर लिहून घे आणि रात्रीच्या नर्सला दाखव.