‘वाइन काय लोणचं आहे मुरवायला?’

नमस्कार नागपूरकर,

फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या ओ-ब्रियाँ वाइनवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत: ‘वाइन काय लोणचं आहे मुरवायला? पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक सात वर्षांनी उघडली, तर बुचाचा भुगा आणि आत आंबूस पाणी. वीस वर्षं टिकते ही श्रीमंतांची थाप आहे. आणि १८५५च्या यादीत मुताँ पहिल्या श्रेणीत नव्हतंच.’

शेवटचं आधी. चूक माझी. १८५५ साली बोर्दोच्या वाइनची प्रतवारी लावली, तेव्हा पहिल्या श्रेणीत चारच नावं होती, तिथलंच मुताँ (हे मराठीत लिहिताना जरा संकोचच वाटतो) १९७३ साली वर चढलं. लेखात दुरुस्ती केलीय.

पण लोणच्याचं तुम्ही नेमकं बोललात. लोणच्याला आपण कडक, आंबट कैरी घेतो. पाडाला आलेली घातली की फोडी गिळगिळीत होतात. इथेही मुरण्याआधी मुळात काय होतं ते महत्त्वाचं. ओ-ब्रियाँची लाल वाइन कोवळी असताना कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड धरते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. वर्षानुवर्षं तो आपसात जुळतो, गाळ होऊन तळाला बसतो, आणि जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. पांढरीत तुरटपणा जवळजवळ नसतोच. तिला आंबटपणा तारतो. तो मुख्यतः सोव्हिन्याँ ब्लाँ द्राक्षाचा. अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, येतं सेमियाँ द्राक्षामुळे. दहा-पंधरा वर्षांनी तिला मधाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. ही पांढरी जेमतेम तीन हेक्टरांतली, म्हणून ऐकायला मिळते ती बहुधा लालच.

तुमची बाटली मुळात वर्ष-दोन वर्षांत प्यायची असणार. त्यात ती कपाटात उभी ठेवलेली असणार, आणि नागपूरचे सात मे महिने! बूच वाळून आकसलं की हवा आत शिरते. म्हणून तर बाटली आडवी ठेवतात, तीही बारा-चौदा अंशांच्या तळघरात.

‘श्रीमंतांची थाप’ मात्र अर्धी मान्य. १८५५ची यादी बोर्दोच्या दलालांनी मुख्यतः बाजारभाव पाहूनच लावली होती. उलट १६६३ साली सॅम्युअल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराने लंडनच्या गुत्त्यात हीच वाइन प्यायली, तेव्हा बाटलीत मुरवायची पद्धत रुजलीही नव्हती. पठ्ठ्याने रोजनिशीत नाव चुकीचं लिहिलं, पण अशी चव आजवर भेटली नाही हेही नोंदवलं.

तुमची दुसरी बाटली अजून शिल्लक असेल, तर येत्या रविवारीच उघडा. बूच जपून काढा, आणि पिणेबल नसलीच तर ग्रेव्हीतही घालू नका.