‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

चांगला बॉस कसा ओळखावा यावर पोतंभर लिहून झालंय. दूरदृष्टी, संवादकौशल्य, सहानुभूती वगैरे. माझी कसोटी त्याहून साधी आहे, व्याकरणाची. शाळेत ‘प्रयोग ओळखा’ या प्रश्नाला माझी कायम दांडी उडायची. नोकरीत मात्र नेमकं तेच कामाला आलं.

काम वाटताना साहेब म्हणतात, “आपण हे शुक्रवारपर्यंत संपवू.” काम फसलं की, “तुम्ही लोकांनी घोळ घातलात.” आणि जमलं की वरच्या मीटिंगमध्ये, “मी करून घेतलं त्यांच्याकडून.” तीन सर्वनामांत माणूस कळतो.

आपल्या भाषेत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. हिंदीच्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीच्या ‘वुई’मध्ये ही सोय नाही. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. म्हणून ‘आपण’ म्हणणाऱ्यानं स्वतःच्याही बाह्या वर करायला हव्यात, असं माझं आपलं मत. नुसता गोड लागतो म्हणून वापरायचा शब्द नव्हे तो.

पहिल्या नोकरीत मी एक तक्ता केला होता. त्यातला एक रकाना चक्क आदल्या वर्षाचा. क्लायंटच्या माणसानं तो भर बैठकीत पकडला. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हा तक्ता मी तपासून पुढे पाठवलाय. चूक माझी आहे. दुरुस्त प्रत संध्याकाळपर्यंत देते.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, सुटलो!

कसला सुटतोय. केबिनचं दार लागलं आणि त्या म्हणाल्या, “बस. आता तुझी चूक. आकडे कुठल्या फाइलमधून उचललेस ते दाखव.” पुढचा पाऊण तास आवाज चढला नाही, पण मला सोडलंही नाही. ही फाइल ताजी आहे असं तुला का वाटलं? त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होतं? शंका आली होती का? आली होती, तर विचारलं का नाहीस? शेवटी निघालं ते असं: एकाच नावाच्या दोन फाइली दोन फोल्डरांत पडल्या होत्या, आणि शंका मला आली होती, पण विचारायची लाज वाटली होती. फाइलच्या नावात तारीख घालायचा नियम त्या दिवशी सुरू झाला. लाजेवरचा इलाज त्यांनी वेगळाच काढला. पुढचा महिनाभर रोज एक प्रश्न मी त्यांना विचारायचा, कितीही बावळट असला तरी.

बाहेर ‘माझी चूक’ आणि आत ‘तुझी चूक’. पहिलं पुढारपण, दुसरं शिकवणं. नुसतं पहिलं केलं असतं तर मी कृतज्ञ राहिलो असतो आणि तसाच कच्चाही.

नंतर दुसरीकडे एक मेल वाचला होता: “अहवालात त्रुटी आढळून आल्या असून संबंधितांना समज देण्यात आली आहे.” संबंधित म्हणजे मी. मला समज देण्यात आली आहे, हे मला त्या मेलवरूनच समजलं! हे ‘-ण्यात आलं आहे’ प्रकरण अजब आहे. सगळं घडतं, करणारा कुणीच नसतो.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातला दोस्तराष्ट्रांचा सरसेनापती आयझेनहॉवर याची ती चिठ्ठी मला आवडते. ६ जून १९४४ला दोस्तसैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, त्याआधी मोहीम फसलीच तर द्यायचं निवेदन त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. घाईत तारीखही चुकली, जूनऐवजी जुलै लिहिला. कच्च्या मसुद्यात होतं, ‘सैन्य मागे घेण्यात आलं आहे.’ त्यानं ते खोडून केलं, ‘मी सैन्य मागे घेतलं आहे.’ शेवटी म्हटलंय की काही दोष असेलच तर तो फक्त माझा. मोहीम यशस्वी झाली, चिठ्ठी लागलीच नाही. पण दीड लाखाहून जास्त माणसं पणाला लागलेली असताना हा गृहस्थ वाक्यातला कर्ता परत जागेवर बसवत होता.

इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन आणि प्रकल्पप्रमुख कलाम यांचा किस्सा तर सगळ्यांना पाठ आहे. १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३ हे रॉकेट कोसळलं तेव्हा पत्रकारांसमोर धवन गेले, १८ जुलै १९८०ला जमलं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. मला त्यात एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कलामांचं काम त्यांनी काढून घेतलं नाही. ढाल होणं एक वेळ सोपं. चुकलेल्या माणसाच्या हातात तेच काम पुन्हा देणं अवघड.

मेंटॉर मंडळींचं घसरणं मात्र वेगळ्या ठिकाणी होतं, शिष्य पुढे जायला लागला की. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं बुकबाइंडरकडे शिकलेल्या मायकेल फॅरेडेला १८१३मध्ये प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. फॅरेडेनं त्याची व्याख्यानं ऐकून काढलेल्या टिपणांची बांधीव वही पाठवली होती, ती पाहून. केवढी नजर! आणि दहा वर्षांनी, १८२३मध्ये, फॅरेडेचं नाव रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सदस्यत्वासाठी आलं तेव्हा विरोध कुणाचा? सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीचाच. फॅरेडे १८२४मध्ये निवडून आला तो भाग वेगळा. डेव्हीला खलनायक करायला माझं मन धजत नाही. मदतनीस घडवताना जी मजा येते, ती तो बरोबरीनं बसायला लागला की संपते, हे मीही थोडंफार अनुभवलंय. ‘माझा विद्यार्थी’ यातला ‘माझा’ कधी सोडायचा, हे कुणी शिकवत नाही.

उठसूट ‘सगळी जबाबदारी माझी’ म्हणणाऱ्यांचाही मला संशय येतो, हेही सांगून टाकतो. त्यानंतर काय बदललं ते विचारा. काहीच नसेल, तर तो नुसता डायलॉग.

आता माझ्या हाताखालीही चार मुलं आहेत. परवा एकीला म्हटलं, “हे प्रेझेंटेशन आपण उद्या सकाळपर्यंत करून टाकू.” तिनं वहीतून मान वर केली आणि विचारलं, “सर, आपण म्हणजे मी ना?”

त्या रात्री साडेअकरापर्यंत मीही बसलो. निम्म्या स्लाइड माझ्या.